वेब अनुप्रयोग : दर्शनी भागाची उभारणी व मांडणी

आंतरजालावरून उपलब्ध होणाऱ्या व ब्राउझरमध्ये चालणाऱ्या संगणकीय साधनास वेब अनुप्रयोग म्हणतात. त्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. माहितीचा साठा, तिच्यावरील प्रक्रिया आणि वापरणाऱ्याच्या अधिकाराची तपासणी ही कामे दूरच्या सर्व्हरवर होतात. वापरणाऱ्याच्या पडद्यावर जे दिसते, ज्यात तो लिहितो, निवड करतो व ज्यातून त्यास उत्तर मिळते, तो दर्शनी भाग होय. व्यवहारात यालाच फ्रंट-एंड असे म्हणतात. या भागाच्या आज्ञा लिहिण्यास आरंभ करण्यापूर्वी साधनांची जुळणी, फाइलींची विभागणी, नामकरणाचे नियम, चाचण्यांची पद्धत आणि प्रकाशनाची रीत निश्चित करावी लागते. या सर्व व्यवस्थेचा समावेश प्रकल्पाची उभारणी व मांडणी यात होतो. मूळ लेखकाच्या अनुपस्थितीत दुसऱ्या कोणासही अनुप्रयोगातील हवी ती गोष्ट सापडावी आणि ती बदलताना इतर काही बिघडू नये, हा या व्यवस्थेचा मुख्य हेतू असतो.

उदाहरण : विषय स्पष्ट होण्यासाठी, गाव व गट क्रमांक दिला असता जमिनीचा सात-बारा उतारा दाखविणारा एक अनुप्रयोग कल्पावा. महाराष्ट्रात गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व गाव नमुना बारा (पिकांची नोंदवही) यांचा एकत्रित उतारा ‘सात-बारा’ या नावाने ओळखला जातो. राज्याच्या भूमी अभिलेख विभागाने हे उतारे ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर पाहण्यासाठी खुले केले असून १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे उतारेही मिळू लागले. येथे कल्पिलेल्या अनुप्रयोगाचा त्या सेवांच्या अंतर्गत रचनेशी संबंध नाही. परंतु त्याला सोडवावे लागणारे प्रश्न खरे आहेत.

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात भिगवणच्या परिसरात डाळज नं. १, डाळज नं. २ व डाळज नं. ३ अशी तीन स्वतंत्र गावे आहेत. गट क्रमांक हा गावापुरता स्वतंत्र असतो. त्यामुळे एकाच क्रमांकाचा गट तिन्ही गावांत असू शकतो. अनुप्रयोगाने गाव ओळखण्यात चूक केली, तर शेतकऱ्याच्या हाती पडणारा उतारा दिसण्यात निर्दोष असतो. फक्त तो दुसऱ्याच्या जमिनीचा असतो. अशी चूक पडद्यावर सहसा लक्षात येत नाही. पीककर्जाच्या किंवा खरेदीखताच्या वेळी ती उघडकीस येते, आणि तोवर वेळ व पैसा खर्ची पडलेला असतो. दर्शनी भागाच्या मांडणीतील शिस्त किंवा तिचा अभाव यांचे परिणाम अशा प्रकारे प्रत्यक्ष व्यवहारात जाणवतात.

इतिहास : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सेर्न या संशोधन केंद्रात वेबची कल्पना मांडली. प्रारंभीची पाने केवळ वाचण्यासाठी असत व त्यांची रचना एचटीएमएल या चिन्हभाषेत लिहिलेली असे. पानास सजीवता देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तयार केली. रंग, आकार व जागा यांचे वर्णन करणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली अधिकृत शिफारस १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. या तिन्ही भाषांतील मजकूर त्या काळी पुष्कळदा एकाच फाइलीत लिहिला जाई. पाने थोडी व लहान असल्याने त्यात फारशी अडचण नव्हती.

जीमेल (२००४) व गूगल मॅप्स (२००५) यांसारख्या अनुप्रयोगांनी संपूर्ण पान पुन्हा न आणता त्यातील आवश्यक तेवढाच भाग बदलण्याची रीत रूढ केली. परिणामी ब्राउझरकडील आज्ञावली झपाट्याने वाढली. रायन डाल यांच्या नोड.जेएस या साधनामुळे (२००९) जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालविणे सुकर झाले, तर एनपीएम या भांडारामुळे (२०१०) इतरांनी लिहिलेले तयार संच आपल्या प्रकल्पात आणणे सोपे झाले. रिॲक्ट (२०१३), व्ह्यू (२०१४) व अँग्युलर (२०१६) या रचनासंचांनी पडदा हा लहान लहान घटकांचा समुच्चय मानण्याची दृष्टी दिली. २०१५ च्या प्रमाणित जावास्क्रिप्टमध्ये आज्ञावलीचे स्वतंत्र विभाग करून ते परस्परांत वापरण्याची सोय भाषेतच आली. येथून प्रकल्पाची मांडणी हा स्वतंत्र विचाराचा विषय बनला.

पूर्वतयारी : प्रकल्पाची पहिली फाइल निर्माण करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून काढणे हितावह असते. (१) वापरणारा कोण व त्याच्याजवळ कोणते साधन आहे. उताऱ्याच्या उदाहरणात बहुसंख्य लोक साध्या मोबाइलवरून, अधूनमधून खंडित होणाऱ्या जोडणीवर पाने उघडतील असे धरून चालावे. (२) पडदे किती व एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा मार्ग कोणता; उदा., जिल्हा, तालुका, गाव, गट आणि शेवटी उतारा. (३) सर्व्हरकडून कोणती माहिती कोणत्या रूपात येणार. हा तिसरा भाग दोन्ही बाजूंच्या आज्ञावलीकारांमधील करारच असतो. गाव हे नावाने न ओळखता संकेतांकाने ओळखावे, ही अट याच वेळी करारात घालावी लागते. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. पडद्यावर ‘डाळज नं. २’ असे दिसले, तरी सर्व्हरकडे संकेतांकच गेला पाहिजे. नावात ‘नं.’ऐवजी ‘क्र.’ लिहिले किंवा २ हा अंक रोमन वळणाचा असला, तरी मग फरक पडत नाही.

साधनांची जुळणी : आज्ञावली लिहिण्यासाठी संपादक, ती चालविण्यासाठी नोड.जेएस, तयार संच आणण्यासाठी एनपीएम किंवा तत्सम साधन आणि बदलांची नोंद ठेवण्यासाठी गिट ही सामान्य सामग्री होय. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या गिटमुळे कोणत्या दिवशी, कोणी, कोणता बदल केला हे समजते आणि चुकलेला बदल मागे घेता येतो. महसुली दप्तरातील फेरफार नोंदवहीशी त्याची तुलना करता येईल; तीत जुनी नोंद न खोडता नवी नोंद केली जाते व दोहोंचा क्रम टिकून राहतो.

प्रकल्पाचा सांगाडा हाताने उभारता येतो किंवा त्यासाठी तयार साधन वापरता येते. रिॲक्टसाठी २०१६ मध्ये आलेले ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ हे साधन अनेक वर्षे प्रचारात होते. नव्या प्रकल्पांसाठी ते वापरू नये, असे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर करण्यात आले. २०२० पासून व्हीट हे साधन लोकप्रिय होत गेले. साधने अशी बदलत असल्याने प्रकल्पाची मांडणी एखाद्या साधनाच्या लकबीवर अवलंबून ठेवणे इष्ट नसते.

प्रकल्पाच्या मुळाशी एक सूचीफाइल असते. तीत प्रकल्पाचे नाव, वापरलेले तयार संच आणि तो चालविण्याच्या आज्ञा दिलेल्या असतात. तिच्या जोडीला असलेल्या कुलूपफाइलीत प्रत्येक संचाची नेमकी आवृत्ती नोंदविलेली असते. कुलूपफाइल गिटमध्ये ठेवली, तर दोन संगणकांवर दोन निरनिराळ्या आवृत्त्या येण्याचा धोका टळतो. उलट, प्रत्यक्ष आणलेल्या संचांचा अवजड फोल्डर गिटमध्ये ठेवीत नाहीत. कारण कुलूपफाइलीवरून तो केव्हाही पुन्हा निर्माण करता येतो.

तयार संच घेताना विवेक आवश्यक असतो. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या अकरा ओळींचा संच त्याच्या लेखकाने एनपीएम भांडारातून काढून घेतला. त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे विसंबून असलेल्या जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी त्यामुळे काही काळ थांबली. त्यानंतर भांडाराने संच मागे घेण्याचे नियम कडक केले. जे काम स्वतः दहा ओळींत करता येते त्यासाठी परका संच आणू नये, हा धडा मात्र ज्याने त्याने घ्यावयाचा आहे.

फोल्डरांची मांडणी : फाइलींची विभागणी दोन तत्त्वांवर करता येते. (१) प्रकारानुसार विभागणीत सर्व घटक एका फोल्डरात, सर्व शैलीफाइली दुसऱ्यात व सर्व चाचण्या तिसऱ्यात ठेवतात. लहान प्रकल्पास ही रीत पुरेशी असते. प्रकल्प वाढला म्हणजे एका लहानशा बदलासाठी चार-पाच फोल्डर धुंडाळावे लागतात. (२) कामानुसार विभागणीत ‘गाव निवड’, ‘गट शोध’ व ‘उतारा’ असे स्वतंत्र फोल्डर करून त्या त्या कामाचे घटक, शैली व चाचण्या एकत्र ठेवतात. गाव निवडण्याची पद्धत बदलावयाची असल्यास एकच फोल्डर उघडावा लागतो. अनेक कामांना लागणाऱ्या गोष्टी, उदा., कळ, सूचनापट्टी वा तारीख लिहिण्याची रीत, एका सामायिक फोल्डरात ठेवतात. मात्र एखादी गोष्ट दोन-तीन ठिकाणी खरोखर लागेपर्यंत ती तेथे हलवू नये. अन्यथा सामायिक फोल्डर हा अडगळीची खोली बनतो.

तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुने एक ते एकवीस या क्रमांकांनी ठरलेले असतात. बदली होऊन आलेल्या नव्या तलाठ्यास खातेदारांची नोंदवही कोठे आहे, हे जुन्या तलाठ्याला विचारावे लागत नाही. आज्ञावलीच्या मांडणीतही हेच साधावयाचे असते. त्यासाठी फाइलीचे नाव तिच्यातील घटकाच्या नावाशी जुळते ठेवणे, ‘नवीन’, ‘शेवटचे’, ‘तात्पुरते’ अशी नावे टाळणे आणि प्रकल्पाच्या मुळाशी एक परिचयफाइल ठेवणे हे उपाय उपयोगी पडतात. परिचयफाइलीत प्रकल्प कशासाठी आहे, तो कसा चालवावा व महत्त्वाचे निर्णय कोणत्या कारणांनी घेतले, इतका मजकूर असावा. यांपैकी निर्णयांची कारणे सर्वांत लवकर विस्मृतीत जातात.

घटक व स्थिती : पडद्याचा स्वतंत्रपणे विचार करता येईल असा अंश म्हणजे घटक. गावांची यादी, गट क्रमांकाची चौकट व उताऱ्याचा तक्ता हे आपल्या उदाहरणातील तीन घटक होत. एखाद्या क्षणी अनुप्रयोगास ज्ञात असलेल्या माहितीस स्थिती म्हणतात, उदा., निवडलेले गाव व आलेला उतारा. प्रत्येक माहितीची मूळ प्रत एकाच ठिकाणी असावी, हा स्थितीविषयीचा प्रधान नियम आहे. निवडलेल्या गावाची नोंद यादीने एक व तक्त्याने दुसरी अशी ठेवली, तर त्यांच्यात केव्हा ना केव्हा विसंगती येतेच.

अशा विसंगतीचा एक सूक्ष्म प्रकार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. वापरणाऱ्याने प्रथम डाळज नं. १ निवडले व चूक ध्यानात येताच लगेच डाळज नं. २ निवडले, तर सर्व्हरकडे दोन मागण्या जातात. जोडणी मंद असल्यास दुसरीचे उत्तर आधी व पहिलीचे नंतर येऊ शकते. मग पडद्यावर शीर्षक डाळज नं. २ चे आणि खाली गट डाळज नं. १ चे, असा प्रकार घडतो. यावर उपाय दोन आहेत : नवी मागणी करताना जुनी रद्द करणे आणि आलेल्या उत्तरातील गावाचा संकेतांक निवडलेल्या संकेतांकाशी जुळवून पाहणे. दोन्ही उपाय एकत्र योजणे सुरक्षित असते.

सर्व्हरशी संवाद : सर्व्हरकडे मागणी करणाऱ्या आज्ञा घटकांमध्ये विखरून न ठेवता एका वेगळ्या थरात ठेवतात. सर्व्हरचा पत्ता किंवा उत्तराचे रूप बदलले, तर तेवढाच थर बदलावा लागतो. प्रत्येक मागणीचे परिणाम चार संभवतात : उत्तराची प्रतीक्षा, उत्तराची प्राप्ती, नोंद नसल्याचे उत्तर आणि संपर्कातील बिघाड. या चारही अवस्थांसाठी पडद्यावर वेगळा मजकूर असला पाहिजे. जोडणी तुटली असताना ‘नोंद आढळली नाही’ असे वाक्य दिसले, तर आपले नाव दप्तरातून गेले की काय, अशा शंकेने शेतकरी तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटा घालील. ‘जोडणी तुटली आहे, पुन्हा प्रयत्न करा’ हे शब्द लिहिण्यास श्रम तितकेच पडतात.

मराठी मजकूर : मराठी अनुप्रयोगाच्या उभारणीत लिपीचा विचार प्रथमपासून करावा लागतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा समावेश आहे. तत्पूर्वी व त्यानंतरही काही काळ निरनिराळ्या संस्थांचे टंक स्वतःचे वेगवेगळे संकेत वापरीत. त्यामुळे एका संगणकावरील मराठी मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांत उमटे. प्रकल्पातील सर्व फाइली यूटीएफ-८ या रूपात ठेवल्याने हा दोष टळतो. या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘डाळज’ या शब्दास ड, काना, ळ व ज मिळून बारा बाइट लागतात.

पडद्यावरील वाक्ये आज्ञावलीत न गुंफता स्वतंत्र मजकूरफाइलीत ठेवतात. त्यामुळे भाषेच्या जाणकारास आज्ञावलीस हात न लावता वाक्ये सुधारता येतात. पानाची भाषा मराठी आहे, असे एचटीएमएलमध्ये स्पष्ट नोंदविणे आवश्यक असते. त्यावरून दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखविणारे साधन योग्य उच्चार निवडते आणि काही टंकांत ल व श यांची मराठी वळणे उमटतात.

अक्षरक्रमाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. युनिकोडच्या संकेतक्रमात ळ हा ल च्या नंतर व व च्या आधी येतो; मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. म्हणून केवळ संकेतांनुसार क्रम लावल्यास ‘डाळ’ हा शब्द ‘डाव’च्या आधी पडतो व यादीत गाव शोधणारा गोंधळतो. ब्राउझरमध्ये मराठीनुसार क्रम लावण्याची सोय असते. ती मुद्दाम वापरावी लागते. ‘ॲ’ हे एकाच संकेताने लिहिता येते, तसेच अ ला चंद्र जोडूनही लिहिता येते. डोळ्यांस दोन्ही सारखी दिसली, तरी संगणकास ती भिन्न असतात. शोधापूर्वी अशी रूपे एकसारखी करून घेणारी क्रिया सामायिक फोल्डरात एकदाच लिहावी.

अंकांविषयीही दक्षता घ्यावी लागते. जावास्क्रिप्टची संख्येत रूपांतर करण्याची नेहमीची क्रिया देवनागरी अंक ओळखत नाही. त्यामुळे ‘२५’ असे लिहिणाऱ्यास क्रमांक अवैध असल्याची सूचना मिळू शकते. शिवाय गट क्रमांक ही गणिती संख्या नव्हेच. ‘२५/१/अ’ असा हिस्साही असू शकतो. म्हणून तो मजकूर म्हणूनच साठवावा व त्यातील अंक आतल्या आत एका वळणाचे करावेत.

चाचण्या : चाचण्या तीन स्तरांवर लिहितात : एकेका क्रियेची, एकेका घटकाची आणि आरंभापासून अखेरपर्यंत संपूर्ण प्रवासाची. सर्व शक्यता तपासणे अशक्य असल्याने ज्या चुकीचे परिणाम अधिक गंभीर तिची चाचणी प्रथम लिहावी. डाळज नावाची तिन्ही गावे पाळीपाळीने निवडून योग्य संकेतांक जातो की नाही, देवनागरी अंक स्वीकारले जातात की नाही व उत्तरे उलट्या क्रमाने आल्यास काय होते, या चाचण्या या प्रकल्पात अग्रक्रमाने येतील. लेखनशैली एकसारखी ठेवणारी व संशयास्पद रचना दाखविणारी साधनेही उभारणीच्या वेळीच जोडतात. टाइपस्क्रिप्ट (२०१२) ही जावास्क्रिप्टची विस्तारित भाषा वापरल्यास संकेतांकाच्या जागी चुकून दुसऱ्याच प्रकारची माहिती दिल्याचे आज्ञावली चालण्यापूर्वीच कळू शकते.

बांधणी, प्रकाशन व सुरक्षितता : लेखनाच्या सोयीसाठी विभागलेल्या फाइली प्रकाशनापूर्वी एकत्र करून आटोपशीर केल्या जातात, या क्रियेस बांधणी म्हणतात. उतारा छापण्याची आज्ञावली आरंभीच न पाठविता तिची गरज पडेल तेव्हाच पाठविणे, चित्रे लहान ठेवणे व टंकातील अनावश्यक अक्षरे वगळणे यांमुळे मंद जोडणीवरही पान लवकर उघडते. बांधणीतून निघालेल्या फाइलींच्या नावांत त्यांच्या आशयावरून काढलेली खूण घालतात. आशय बदलला की नाव बदलते व ब्राउझर जुनी साठविलेली प्रत वापरीत नाही.

ब्राउझरकडे गेलेली प्रत्येक गोष्ट वापरणाऱ्यास पाहता येते. म्हणून परवलीचे शब्द व गुप्त किल्ल्या दर्शनी भागात कधीही ठेवू नयेत. अधिकाराची अंतिम तपासणी सर्व्हरवरच झाली पाहिजे. गावातील सेवा केंद्राचा संगणक अनेक जण वापरतात, हे ध्यानात घेऊन एका खातेदाराची माहिती पुढच्यासाठी ब्राउझरमध्ये राहणार नाही, अशी व्यवस्था करावी लागते. केवळ माहितीसाठी पाहिलेला उतारा व अंकीय स्वाक्षरीचा उतारा यांतील कायदेशीर भेदही पडद्यावर ठळकपणे दर्शविला पाहिजे.

मर्यादा : मांडणीचा आकार प्रकल्पाच्या आकारास साजेसा असावा. दोन पडद्यांच्या अनुप्रयोगास वीस फोल्डरांची चौकट घालणे हे आज्ञावलीच्या अव्यवस्थेइतकेच त्रासदायक ठरते. एक चौकट सर्वत्र लागू पडत नाही. तथापि मांडणीची परीक्षा सोपी आहे. प्रकल्पास अपरिचित अशा आज्ञावलीकारास एक लहान बदल सांगावा, उदा., गावाच्या नावाखाली तालुक्याचे नावही दाखविणे. योग्य फाइल त्यास न विचारता सापडली, बदल त्याच फाइलीत मावला व चाचण्यांनी इतरत्र काही न बिघडल्याची ग्वाही दिली, तर मांडणी यशस्वी झाली असे समजण्यास हरकत नाही.